रजा संपते तेव्हा बाळ लहानच असते

महोदय,

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास रजेनंतर घरून काम करण्याची वाटही मोकळी केली. परंतु ही सवलत मालक व कर्मचारी यांच्या परस्पर संमतीवर सोडल्यामुळे अर्ज नाकारला गेल्यास दाद कशाच्या आधारे मागायची, हा प्रश्न उरतोच. आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि उरलेले दिवस लवकर येऊन साडेचारला निघणे, अशी लेखी विनंती मी केली होती. ‘एकीला दिले की सगळ्याच मागतील’, एवढेच तोंडी उत्तर मिळाले. सगळ्यांनाच गरज असेल, तर ती मागणी चुकीची कशी? पाळणाघर साडेसहाला बंद होते. डोंबिवलीची लोकल पंधरा मिनिटे रखडली, की चपला घालून दारात उभ्या असलेल्या मावशींच्या कडेवर माझी मुलगी झोपून गेलेली असते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आहे, पण आमचे कार्यालय त्याहून लहान. अशा अर्जांना ठरावीक मुदतीत लेखी व सकारण उत्तर देणे बंधनकारक करावे आणि वडिलांनाही असा अर्ज करता यावा, अशी शासनाला कळकळीची विनंती आहे.

– एक नोकरदार आई, डोंबिवली