परका हात म्हणू नकोस, आई

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे फोनवर बोलायला गेले की तुझा गळा दाटून येतो आणि तेवढ्यात सोनू फोन ओढून घेतो, म्हणून लिहून कळवतेय. येत्या सोमवारी माझी रजा संपते आणि छकुलीला ऑफिसच्या पाळणाघरात ठेवायचं आम्ही ठरवलंय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं आत्ताच निघालं, नाहीतर मी येऊन राहिले असते, लेकराला परक्या हाती द्यायची वेळ आली नसती, हे तू सारखं म्हणतेस. बाबा काही बोलत नाहीत, पण मागून त्यांचं खाकरणं ऐकू येतं आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. ऑपरेशन आपण हौसेनं नाही केलं, बाबा. तो विचार डोक्यातून काढा.

आणि आई, परका हात म्हणजे काय गं? सगळी हयात तू अंगणवाडीत दुसऱ्यांचीच लेकरं सांभाळलीस. भांगलणीला निघालेल्या बायका पोराला तुझ्या दारात सोडायच्या. पोर पदर सोडायचं नाही, बाई तशीच त्याची मूठ सोडवून चालू लागायची. मग तू त्याला कडेवर घ्यायचीस आणि एका हातानं हजेरीचं रजिस्टर भरायचीस. मी कोपऱ्यात बसून बघायचे. मला तेव्हा रागही यायचा, माझ्या आईच्या कडेवर दुसरं पोर म्हणून. आता त्या बायांचा चेहरा आठवतो. वळून न बघता जायच्या, कारण वळल्या असत्या तर गेल्याच नसत्या. त्या रोज तुझ्या भरवशावर शेतात गेल्या आणि त्यांची पोरं चांगली वाढली. तुझ्या हाताला त्यांनी परकं म्हटलं असतं, तर तुला काय वाटलं असतं?

पाळणाघर बघायला गेले तेव्हा तू विचारले असतेस तेच प्रश्न मी विचारले. एका ताईकडे किती बाळं? दूध पाजताना बाळाला मांडीवर घेता की बाटली टेकवून ठेवता? हात धुवायची जागा कुठे? सर्दी झालेलं मूल वेगळं झोपवता का? तिथल्या ताई हसून म्हणाल्या, तुम्ही या कामातल्या आहात का? मी म्हटलं, माझी आई अंगणवाडी सेविका होती. त्यानंतर त्यांनी मला आपणहून स्वयंपाकघर दाखवलं.

तू विचारलं होतंस की एवढी रजा मिळाली कशी. २०१७ साली कायदा बदलला, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. त्याआधी १२ आठवड्यांचीच होती. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली, तर पाळणाघराची सोयही करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. म्हणजे मी एका जिन्याच्या अंतरावर असेन. बाकीच्या वेळेसाठी दूध काढून ठेवणार आहे. बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस ते चांगलं राहतं. हे ऐकून तू गप्प झालीस आणि मग म्हणालीस, 'आमच्या बायांना हे कुणी सांगितलं असतं तर!' ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

सहा महिने पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेत. तोवर अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबही नाही, हे तुझंच. सासूबाईंच्या मनात गुटी आणि मधाचं बोट होतं. वर्षाच्या आत मध देऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी त्यांना पटेना. तुझा फोन गेला आणि विषय मिटला. 'अहो, विहीणबाईंनी एवढी मुलं बघितलीत,' असं आता त्या शेजारणींना सांगतात. आता उष्टावणानंतर मऊ मुगाची खिचडी आणि नाचणीचं सत्त्व सुरू करायचंय. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवायची इथपर्यंत मला माहीत आहे. दळल्यावर फडक्यातून किती वेळा गाळायचं ते कळव.

सोनूला मात्र मधे जड गेलं. चार वर्षांचा मुलगा, पण बाळ घरी आल्यावर त्याला पुन्हा मांडीवर बसून घास हवा झाला. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. येणारा जाणारा जो तो पाळण्याकडे जायचा आणि हा दाराच्या मागे उभा राहायचा. एकदा पाळण्यात स्वतःच जाऊन झोपला, पाय बाहेर लोंबकळत होते. तुमचे जावई त्याला उचलायला निघाले तर म्हणाला, 'मला पण झोका द्या.' दिला त्यांनी. पाळण्याची कडी बरी आहे म्हणून, नाहीतर कठीण होतं. तू तेव्हा सांगितलंस, धाकटीला दोन मिनिटं रडू दे, तिला काही कळत नाही, मोठ्याला थांब म्हणू नकोस. इतक्या साध्या गोष्टीनं फरक पडला. पोस्टानं आलेल्या तुझ्या खोक्यात बाळासाठी दुपटी होती, पण वरती सोनूच्या नावाचं पाकीट होतं. ते त्यानं अजून उशाशी ठेवलंय.

आणि बाबा, उरलेलं काम तुम्ही केलंत. रात्री जेवणं झाली की तुमच्या फोनची वाट बघत तो खुर्च्या एकामागे एक लावून, तुमच्यासारखा एसटीचा कंडक्टर होऊन बसतो. एक घंटी म्हणजे थांबायचं, डबल बेल म्हणजे निघायचं, हे आता आमच्या सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर आणि पुण्याच्या दरम्यान धावली, हे तो भाजीवाल्या मावशींनाही सांगून आलाय. छकुलीला आणि मला रोज गाडीत बसावं लागतं. मला पूर्ण तिकीट. तिला नाही, कारण पाच वर्षांच्या आत तिकीट लागत नाही, आजोबांनी सांगितलंय. मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, 'मला पण नाही लागत, पण मी कंडक्टर आहे.' तो बाळाला आपल्याबरोबर गाडीत घेतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

परवा त्यानं विचारलं, मुक्कामी गाडी रात्री कुठे झोपायची? तुम्ही त्याला शाळेच्या व्हरांड्याची, उशाला घेतलेल्या तिकिटांच्या पेटीची गोष्ट सांगितलीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आम्हाला लहानपणी एवढंच ठाऊक होतं की आज बाबा मुक्कामी आहेत. पण त्या रात्री आई एकटी असायची, दोन लेकरं, सकाळी अंगणवाडी, आणि तुम्ही कुठल्यातरी डोंगरातल्या गावी पहाटेच्या गाडीसाठी जागे. इथे तर पुरुषमाणूस रोज घरी असतो. तुमचे जावई सकाळी डबा भरतात, सोनूची अंघोळ घालतात, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फिरवतात. मी एकटी नाही. हे तुम्हाला खरं वाटावं म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

सोनूच्या शाळेतून अक्षरं गिरवायची पानं घरी येऊ लागली होती. चार वर्षांच्या मुलाची बोटं दुखतात. तू मला प्रशिक्षणातलं सांगायचीस ते आठवलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ. मुलं बालवाडीत येत नव्हती, तर त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबाडला हेच काम वाढलं. चिंचोके, पानं, माती, हेच त्यांचं सामान. मी शाळेत जाऊन बाईंशी बोलले. भांडले नाही. घरी तो चिंचोके मोजेल, कणकेची अक्षरं करेल, पेन्सिल पुढच्या वर्षी, असं सांगितलं. त्यांनी मान्य केलं. तुला पगार नव्हता, मानधन होतं, आणि तेही वेळेवर नसायचं. पण त्या कामातलं किती काही माझ्या घरात रोज वापरात आहे, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगतेय.

छकुलीच्या वजनाचा तक्ता फोटो काढून पाठवते. आकड्याकडे बघू नको, रेघ चढती आहे का ते बघ, हे तूच शिकवलंस, आणि रेघ चढती आहे. तरी एकदा तुझ्या नजरेखालून जाऊ दे.

बाबा, व्यायामाच्या ताई सांगतील तेवढंच चाला, जिना घाईनं चढू नका. डॉक्टर हो म्हणाले की दिवाळीला दोघंही या. वाईहून स्वारगेटची गाडी धरा, आईला अर्धंच तिकीट पडेल. गर्दीच्या दिवशी नको, आठवड्याच्या मधल्या वारी या, म्हणजे पाय लांब करायला जागा मिळेल. तेव्हा पाळणाघर दाखवायला नेईन. आई, ताईंना तुझ्याशी बोलायचंय, तसं त्या म्हणाल्यात.

आत्याला नमस्कार सांगा. सोनूचा फोन नेहमीच्या वेळेला येईल.

तुमची,
मनी