अर्ज अडकतो तो रेंजमुळेच नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, असे बहुतेक अर्ज आता ब्राउझरमधून भरावे लागतात. सातबाऱ्याचा फोटो निवडला की पान गोठते, आणि केज असो वा जिंतूर, बोल रेंजला लागतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. पान अडकले की नावाच्या रकान्यात एखादे अक्षर टाइप करून पाहावे. उमटले तर अडचण बहुधा नेटची. उमटलेच नाही तर खोट पानाच्या बांधणीत आहे.

जावास्क्रिप्ट (पानामागचा प्रोग्राम) चालवणे, बटणाला प्रतिसाद देणे, पडद्यावरची मांडणी बदलणे ही कामे पान एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेवर, करते. 12 मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून 3-4 एमबीचा असला, तरी उलगडल्यावर 4000 गुणिले 3000 ठिपके आणि ठिपक्याला 4 बाइट, म्हणजे 48 एमबी होतो. अर्जाची मर्यादा समजा 200 केबी असेल, तर तो तीत बसवण्याची आकडेमोड स्वस्त फोनवर जितके सेकंद चालेल तितके बाकी सगळे ठप्प. तेवढ्यात माणूस 'सादर करा' पुन्हा पुन्हा दाबतो. ते स्पर्श रांगेत साठतात, थ्रेड मोकळा होताच एकामागून एक लागू होतात आणि अर्ज दोनदा जातो. म्हणून पहिल्याच स्पर्शाला बटण बंद झाले पाहिजे, आणि सर्व्हरनेही दुसरी प्रत नाकारली पाहिजे.

प्रोग्राममध्ये नुसते 'असिंक' (हे काम सवडीने कर, अशी खूण) लिहून हे सुटत नाही. अशा सवडीच्या कामातली, म्हणजे 'प्रॉमिस'मधली, आकडेमोडही त्याच थ्रेडवर चालते, तीही पडदा रंगवण्याआधी. खरा उपाय वेब वर्कर, म्हणजे पानाच्या मागे चालणारा वेगळा थ्रेड. फोटोची फाइल वर्करकडे द्यावी, तिथे ऑफस्क्रीन कॅनव्हासवर (पडद्यावर न दिसणाऱ्या चित्रफलकावर) लहान करावी आणि तयार फाइल परत घ्यावी. ठिपक्यांचा बफर (मेमरीतला कच्चा साठा) पाठवायचाच असेल तर मालकीसह हस्तांतरित करावा. नाहीतर 48 एमबीची आणखी एक प्रत होते. दर फोटोला नवा वर्कर उघडू नये. एकच ठेवून फोटो ओळीने द्यावेत आणि वापरलेली बिटमॅप (उलगडलेले चित्र) लगेच बंद करावी, नाहीतर 2 जीबी रॅमचा फोन टॅबच मारून टाकतो.

वर्करला पानावरच्या घटकांना हात लावता येत नाही. त्यामुळे जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची यादी भरण्यासारखे काम मुख्य थ्रेडवरच तुकड्यांनी करावे लागते. 50 मिलिसेकंदांपेक्षा लांबलेले काम ब्राउझरच्या हिशेबात 'लाँग टास्क' ठरते. त्याआधीच सेटटाइमआउटने (उरलेले काम थोड्या वेळाने करण्याच्या आज्ञेने) थ्रेड इतर कामांसाठी सोडावा. मात्र दर ओळीनंतर सोडू नये. एकात एक गुंतलेल्या टाइमआउटना ब्राउझर किमान 4 मिलिसेकंद थांबवतो, आणि हजार ओळींना 4 सेकंद निव्वळ वाट पाहण्यातच जातात. किती वेळ गेला ते घड्याळात पाहून, 50 मिलिसेकंद होण्याआधी थ्रेड सोडावा.

अर्जाची संकेतस्थळे बनवून घेणाऱ्या कार्यालयांना आमची कळकळीची विनंती: चाचणी कार्यालयातल्या संगणकावर उरकू नका. क्रोम ब्राउझरच्या तपासणी साधनांतल्या परफॉर्मन्स पटलात सीपीयू 6 पट मंद करून लाल खुणांचे लाँग टास्क पाहा, आणि 2 जीबी रॅमच्या फोनवर पाच फोटो जोडून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचे काम स्वीकारू नका. ही अट निविदेतच लिहा.

आपले,
वेब प्रणाली बनवणारे काही अभियंते,
छत्रपती संभाजीनगर