मधली तार गप्प कशी करायची

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी गिटारची क्लिप ऐकली. ऑक्टेव्हचे (एकच सूर, खालच्या आणि वरच्या सप्तकातला एकदम) दोन्ही सूर बरोबर लागतात, पण त्यांच्या मधली तारही वाजते आणि सगळं गढूळ होतं. तू अंगठ्याला दोष देतेस. गडबड डाव्या हातात आहे.

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी पिकऐवजी, म्हणजे तार छेडायच्या चकतीऐवजी, अंगठ्याने वाजवायचा. त्याचा अंगठा एका फटक्यात तिन्ही तारांवरून जातो. त्यातल्या दोनच वाजायच्या, म्हणजे उरलेल्या डाव्या हातानेच मुक्या करायला हव्यात. पाचव्या आणि तिसऱ्या तारेवर वाजवताना तर्जनी उभी ठेवू नकोस, थोडी आडवी कर. तिचं टोक सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेला जेमतेम टेकू दे, पोट चौथीवर आणि खाली दुसरी-पहिलीवर नुसतं पडू दे. तिसरी तार अनामिकेने दाब. आता मुद्दाम सहाही तारांवरून अंगठा फिरव. दोनच सूर आले तर पकड जमली. तर्जनी पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) असेल तर हलक्या स्पर्शाने तार मुकी होण्याऐवजी हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा उंच सूर, किणकिणतो. तिथे मधलं बोटही त्या तारेला टेकव.

पाचवी-तिसरी या जोडीत वरचा सूर दोन फ्रेट पुढे असतो, चौथी-दुसरीत तीन, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत पाचाऐवजी चारच अर्धस्वरांचं अंतर आहे. हात नेमका इथेच फसतो. पाचव्या तारेवर तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट (तिसरीवर पाचवा, सातवा, नववा), मग उडी मारून चौथीवर तिसरा आणि दुसरीवर सहावा: सी, डी, ई, एफ. उडीनंतर अनामिकेऐवजी करंगळी वापर. मेट्रोनोम ६० वर ठेव, प्रत्येक ठोक्याला एक सूर. उडी मारताना बोटं तारांवरून उचलू नकोस, नुसता दाब सोड. उचललीस की मोकळ्या तारा बोंबलतात.

आता अंगठा. माँटगोमेरी १९२३ साली इंडियानापोलिसमध्ये जन्मला. बाराव्या वर्षाच्या सुमारास थोरल्या भावाने, माँकने, चार तारांची टेनर गिटार आणून दिली. सहा तारांची गिटार हातात आली ती विशीच्या आसपास, गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचं 'सोलो फ्लाइट' ऐकून. ख्रिश्चनचे सोलो त्याने कानाने जसेच्या तसे बसवले. नोटेशन वाचता येत नव्हतं, पुढेही नाही. घरात अॅम्प लावून पिकने वाजवलं की आवाजाची तक्रार यायची, म्हणून पिक सुटला आणि अंगठा आला. अंगठ्याला घट्टा पडला होता, त्यामुळे मऊ सुरालाही टोक असायचं. १९४८ ते ५० व्हायब्राफोनवादक लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये काढून तो गावी परतला. मग दिवसा कारखाना, रात्री क्लब. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्लीने त्याला तिथे ऐकलं आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीला कळवलं.

बाकीची बोटं तो पिकगार्डवर (तारांखालच्या संरक्षक पट्टीवर) टेकवायचा. तूही टेकव, पण त्यांच्यावर भार देऊ नकोस. एकेका सुराची ओळ बहुतेक खालच्या फटक्यांनी, ऑक्टेव्ह आणि कॉर्ड्स खाली-वर दोन्हीने. नख लागलं तर सूर कर्कश होतो, म्हणून नख कापून अंगठ्याच्या कडेचं मांस वापर. पातळ तारा अंगठ्याखाली लोळतात आणि सूर थरथरतो. ०.०१२ पासून सुरू होणारा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत तारांचा) सेट घाल, तिसरी तारही गुंडाळलेली असलेला. जाड तारांनी गिटारची मान ओढली जाईल, तेव्हा ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागतो का) तपासून घे.

सोलोची त्याची रचना लोक नको तितकी सोपी करून सांगतात: आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, मग ब्लॉक कॉर्ड्स, म्हणजे प्रत्येक सुराखाली पूर्ण कॉर्ड. तसं पुष्कळदा आहेच, पण खरी करामत अशी की ऑक्टेव्हमध्ये शिरल्यावरही वाक्य तेच राहतं, फक्त वजन वाढतं. ऑक्टेव्ह आले म्हणून लय ढिली पडत नाही. जानेवारी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं 'फोर ऑन सिक्स' याच कानाने ऐक. शेवटच्या काळातल्या तंतुवाद्यांच्या साथीच्या रेकॉर्ड्स खूप खपल्या. त्या तुला आत्ता उपयोगाच्या नाहीत, सोलोला जागाच नाही. १९६५ चं 'स्मोकिन अॅट द हाफ नोट' आधी घे.

ब्लॉक कॉर्ड्सना अजून हात लावू नकोस. पुढची क्लिप फक्त त्या चार सुरांची पाठव, अॅम्पचा रिव्हर्ब (घुमारा) बंद करून. रिव्हर्बमध्ये मधली तार लपते.

तुझा,
बाबा