चढाईला रांग, कोपरा रिकामा

महोदय,

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी पिठाची गिरणी सांभाळून मी १७ वर्षं पोरांना कबड्डी शिकवतोय. जिल्ह्याच्या किशोर गटाच्या निवडीला यंदा ४ पोरं नेली. पोरं मातीत वाढलेली, निवड मॅटवर. बूट उसने. पहिल्याच चढाईत एक जण घसरला आणि त्याचं वर्ष तिथंच संपलं. दुसरा वजनात बसावं म्हणून दोन दिवस भाकरीला शिवला नव्हता. त्याच्या पायात काय जोर राहणार?

निवड झालेल्यांना सामन्यांआधी आठवडाभर शिबिर, मग वर्षभर कोणी विचारत नाही. २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी दिसते, त्यामुळे प्रत्येकाला चढाईपटूच व्हायचंय. मग पकडीसाठी डावा कोपरा कोण सांभाळणार? घोट्याची पकड, हात धरून केलेली साखळी, तीनच गडी उरल्यावरची अव्वल पकड, हे रोज घोटावं लागतं.

तालुक्याला एक तरी मॅट द्या आणि आमच्यासारख्या गावच्या प्रशिक्षकांनाही शिकवा. मला नवे नियम टीव्हीवरूनच कळतात, खोटं कशाला बोलू! आणि निवडीच्या तारखा कापूस वेचणी सोडून धरा. तेव्हा निम्मी पोरं शेतात असतात.

— एक गिरणीवाला, ता. अमळनेर