चि. निनादला, उन्हाळ्याबद्दल

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

ओवी या उन्हाळ्यात मैदानी शिबिराला जाणार, आणि बाळाचा तर हा पहिलाच उन्हाळा. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून नीट लिहूनच काढते.

आधी ओवीचं. नऊ वर्षांचं मूल खेळात रमलं की त्याला तहान जाणवत नाही, आणि जाणवली तरी डाव सोडून ते पाणी प्यायला येत नाही. तेव्हा ‘लागलं तर मागेल’ यावर विसंबू नकोस. तिच्या वयाला खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे अर्ध्या पेल्यापासून पेलाभर. शिबिराच्या शिक्षकांना विचार, पाण्यासाठी खेळ थांबवतात का. बाटली भरलेली असणं आणि मुलांनी पाणी पिणं यात फरक आहे.

सगळ्यात जपायचा तो पहिला आठवडा. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. घरात पंख्याखाली बसलेलं मूल पहिल्याच दिवशी तीन तास पळवलं, तर यातलं काहीच तयार नसतं. सुरुवातीचे तीन-चार दिवस वेळ निम्मा आणि पळापळ कमी, एवढं मागून घे. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर तिला घरीच ठेव. सर्दीची झोप आणणारी औषधं चालू असतील तरीही, कारण त्यातली बरीच औषधं घाम कमी करतात. आणि नुसता तापमानाचा आकडा बघू नकोस. हवा दमट असेल तर घाम निथळतो पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळण्यामुळे. म्हणून दमट हवेतले ३४ अंश कोरड्या हवेतल्या ३८ पेक्षा जड जाऊ शकतात. घसरगुंडीचा पत्रा आणि कृत्रिम हिरवळ उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. आपला हात टेकवून बघ आणि मगच तिला सोड.

आता बाळ. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी अजिबात नाही, कितीही उकडलं तरी. एवढ्या लहान मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं सोडियम घसरतं आणि आकडी येऊ शकते. डब्याचं दूध ‘उन्हाळा आहे’ म्हणून पातळ करणं याच कारणासाठी धोक्याचं. पाणी वाढवायचं ते अंगावरच्या दुधातून: जास्त वेळा पाजायचं, आणि पाजणाऱ्या आईने स्वतः भरपूर प्यायचं. दिवसाला सहाच्या आसपास ओले लंगोट होत असतील तर ठीक चाललंय. सहा तास लंगोट कोरडा, तोंड चिकट, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर.

बाळाला गरम होतंय का, ते हातापायांवरून ठरवू नकोस, ते एरवीही गार असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेव. घामेजलं असेल तर एक कपडा कमी. झोपताना डोक्यावर टोपी नको, कारण तान्ह्या बाळाची बरीच उष्णता डोक्यातून जाते. बाबागाडीवर ऊन अडवायला कोरडं फडकं पांघरतात ना, तेही नको. आत हवा कोंडते आणि बाळ बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. गाडी सावलीत ने, वारा खेळता ठेव. पंखा चांगला, पण खोली ४० अंशांच्या पुढे गेली की तो गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसून काढ आणि जमेल तशी थंड जागा शोध.

मोटारीबद्दल माझं मत ठाम आहे: मुलाला गाडीत एकटं ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही. बाहेर २७ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत जवळजवळ दहा अंश वाढतात, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसं काही बदलत नाही. मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाचपट वेगाने तापतं. गाडीत मूल विसरलं जातं ते बेपर्वा आईबापांकडूनच असं मानू नकोस. झोप अपुरी आणि रोजचा रस्ता बदलला की कुणाचंही होतं. ज्याच्यावाचून तुझं पुढे अडेल अशी वस्तू, फोन किंवा पिशवी, मागच्या सीटवर ठेवायची सवय लाव. घरी उभी गाडीही कुलूपबंद हवी, मुलं लपायला आत शिरतात.

एवढं करूनही ओवीला ऊन लागलं, तर दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. भरपूर घाम, फिकट चेहरा, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, पण बोलणं शुद्ध: हा थकवा. सावलीत निजव, पाय उंच कर, कपडे सैल कर, अंग ओलं करून वारा घाल, पाणी किंवा जलसंजीवनी घोटघोट दे. पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापानेच पाणी घे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवू नकोस, ते अपाय करतं. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर दवाखाना.

मात्र ती असंबद्ध बोलायला लागली, विनाकारण चिडली, झोकांड्या जाऊ लागल्या, आकडी आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हे चूक. खेळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. काखेतला थर्मामीटरही अशा वेळी कमी दाखवतो. तिचं वागणं बिघडलं, एवढंच तुला पुरेसं. रुग्णवाहिका बोलाव, पण ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नकोस. मेंदू किती वेळ तापलेला राहतो यावर सगळं अवलंबून असतं. टब असेल तर गार पाण्यात गळ्यापर्यंत बसव आणि डोकं धरून ठेव. नसेल तर बादल्यांनी पाणी ओतत राहा, ओली चादर गुंडाळ आणि ती सारखी बदलत राहा, जोरात वारा घाल. मान, काखा आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेव, पण नुसत्या बर्फावर भागवू नकोस. बाळाला टबात बुडवायचं नाही, नळाच्या पाण्याने अंग सतत भिजवून वारा घालायचा. शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही नको, कुशीवर वळव. तापाचं औषध देऊ नकोस. हा ताप आजाराचा नाही, त्यामुळे ते उतरवत नाही, उलट ताण पडलेल्या यकृताला आणखी त्रास देतं. ती नीट बोलू लागली की गार पाण्याने अंग थंड करणं थांबव.

नुसता थकवा असला तरी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खेळ बंद. उष्माघात झाला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मैदानावर पाठवायचं नाही, मग तिने कितीही हट्ट करू दे.

सूनबाईंनाही हे वाचायला दे. शिबिराच्या शिक्षकांशी बोललास की कळव.

तुझी,
आई