हौसेची तीनचाकी बुक करण्याआधी

मा. संपादक,

पुढे दोन चाके, मागे एक, आत दोघांपुरती जागा आणि विजेवर चालणारी अशी तीनचाकी घ्यावी का, ही विचारणा अधूनमधून होत असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने ‘आर-३’साठी १०,००० रुपयांत बुकिंग खुले केले आणि किंमत साडेचार लाखांच्या घरात सांगितली, तेव्हा तर बरीच झाली. विचारणारे रंग, रेंज आणि ‘कधी मिळेल’ एवढेच विचारतात. त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

दिसायला ही छोटी मोटार असली, तरी कायद्याच्या लेखी ती रिक्षाच्या रांगेत बसते. ताशी २५ कि.मी.हून जास्त वेग आणि पाव किलोवॉटहून जास्त ताकदीची मोटर असलेली तीनचाकी ‘एल-५’ प्रवर्गात मोडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू तीनचाकींना बंद आहेत. फलकावर ‘हौसेची वगळून’ असे लिहिलेले नाही. म्हणजे रविवारी मुंबईहून लोणावळ्याला जायचे तर जुना रस्ता आणि खोपोलीवरून शिंग्रोबाचा घाट. विद्युत वाहनांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत तीनचाकींना दिलेले अनुदानही मुख्यतः व्यावसायिक नोंदणीच्या गाड्यांसाठी होते. घरगुती वापराच्या गाडीची किंमत त्या भरवशावर मांडू नये. बुकिंगच्या पावतीवर प्रवर्ग छापलेला आमच्या पाहण्यात नाही. तो छापणे परिवहन खात्याने सक्तीचे करावे, यासाठीच हे पत्र.

वाट पाहणे म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या ग्राहकांना विचारावे. ओरेगॉन राज्यातल्या युजीन गावच्या आर्सिमोटो कंपनीने ‘फन युटिलिटी व्हेइकल’ ही अशीच तीनचाकी ११,९०० डॉलरला देण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये गाड्या प्रत्यक्ष ग्राहकांना मिळू लागल्या तेव्हा किंमत १९,९०० डॉलर होती, आणि जानेवारी २०२३ मध्ये पैशाअभावी उत्पादन थांबले. एकाच माणसाची तीनचाकी ‘सोलो’ विकणाऱ्या इलेक्ट्रामेकॅनिकाने चालत्या गाडीची ओढ अचानक जाते या दोषामुळे विकलेल्या सगळ्या ४२९ गाड्या २०२३ मध्ये परत विकत घ्यायला काढल्या. अ‍ॅप्टेरा या तिसऱ्या तीनचाकीची पहिली कंपनी २०११ मध्ये बंद पडली. त्याच नावाने २०१९ मध्ये पुन्हा काम सुरू झाले आणि डिसेंबर २०२० पासून १०० डॉलरवर नवी नोंदणी.

यात बुकिंगची रक्कम ही सगळ्यात लहान जोखीम. खरी जोखीम गाडी दारात आल्यानंतरची. बनवणारा बुडाला की मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर, बॅटरीचे व्यवस्थापन करणारी सर्किटची पाटी आणि तिचे सॉफ्टवेअर कोणाकडेच मिळत नाही. एक सेन्सर गेला तरी गाडी जागेवर बसते. पुढची काच, दिव्यांचे साचे यांचेही तेच. ‘सोलो’वाल्यांना पैसे तरी परत मिळाले. म्हणून टायरचा साइज, ब्रेक पॅड आणि बेअरिंग बाजारात सर्रास मिळणारी आहेत का, हे आधीच लिहून घ्यावे. पैसे परत मिळण्याची मुदतही तारखेसह लेखी हवी. वाहनांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे मान्यता प्रमाणपत्र आणि एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाप्रमाणे बॅटरीची चाचणी झालेली नसेल, तर पासिंग होणार नाही. मग शोरूममधला नमुना कितीही झुळझुळीत असो.

आता तिसरे चाक. रिक्षाला एक चाक पुढे असते. वळणात ब्रेक मारला की भार त्या अरुंद टोकाकडे धावतो आणि रिक्षा कलंडते. दोन चाके पुढे असली की तोच भार रुंद बाजूला जातो, म्हणून ही रचना चांगली. पण वजन पुढेच राहिले पाहिजे. समजा पुढच्या दोन चाकांत १.३ मीटर अंतर आहे, पुढच्या चाकांपासून मागच्या चाकापर्यंत २ मीटर आहे आणि चालकासह ५७० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून १.४ मीटरवर, जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. वळणात बाहेर खेचणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९१ टक्के होईपर्यंत आतले चाक उचलत नाही. मागच्या सीटवर, मागच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर, ७० किलोचा माणूस बसला की हाच आकडा ८५च्या आसपास येतो. गुरुत्वमध्य अगदी मधोमध असता तर तो ६५ झाला असता. तेव्हा टेस्ट राइड एकट्याने घेऊ नये. मागे कोणाला तरी बसवून, रिकाम्या मैदानात, ताशी ३०च्या वेगात गोल फिरवून पाहावी.

खड्ड्यांचे गणितही बदलते. मोटारीत खड्डा दोन चाकांच्या मधून काढता येतो. इथे पुढची चाके चुकवली की मागचे नेमके त्यातच उतरते, आणि तेल, खडी, खिळे यांचा साठाही रस्त्याच्या त्याच मधल्या पट्ट्यात असतो. मागचे चाक पंक्चर झाले तर त्याला जोडीदार नाही, गाडी शेपूट हलवू लागते. अशा वेळी ब्रेक न दाबता वेग आपोआप उतरू द्यावा. स्टेपनी बहुधा नसतेच. पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा पंप गाडीत ठेवावा.

चार्जिंगचे थोडक्यात. १० किलोवॉट तासांची बॅटरी ३ किलोवॉटच्या चार्जरवर दहा टक्क्यांवरून पूर्ण भरायला साडेतीन तास धरावेत. पार्किंगमध्ये ४ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर, जादा भाराला वीज तोडणारा २० अँपिअरचा एमसीबी, गळतीला वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर चार्जर लावला तर सॉकेट तापून पिवळा पडू शकतो आणि पिन चिकटू शकते. गाडी यायला वर्ष असले तरी ही वायर आत्ताच ओढून घ्यावी. सोसायटीची परवानगी मिळायला कधीकधी तेवढाच वेळ लागतो.

आपले,
विद्युत वाहनांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, पुणे