शिक्षा वाढवण्याआधी पंचनामा सुधारा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सायबर गुन्ह्यांसाठी राज्याने वेगळा, कडक कायदा करावा, अशी मागणी वरचेवर होते. पण कलमांचा तुटवडा नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे ३१८(४) आहे, ऑनलाइन तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचे ६६-ड आहे, टोळीला न्याय संहितेचेच १११ आहे. खटले गळपटतात ते पुराव्यापाशी.

जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निक्षून सांगितले: मूळ यंत्र हजर नसेल, तर ती नोंद कोणत्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ने त्या प्रमाणपत्राचे दोन भाग केले. भाग ‘ब’वर तज्ज्ञाची सही लागते. तालुक्याच्या ठाण्याने हा तज्ज्ञ आणायचा कुठून?

दुकानातला डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारे यंत्र, घ्या. डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, म्हणून पहिल्या दिवशीच पोचायला हवे. पोचल्यावर आधी यंत्राचे घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहायचा. घड्याळ सतरा मिनिटे पुढे असेल आणि ते नोंदलेले नसेल, तर चित्रणातला माणूस आणि बँकेतली पैसे काढल्याची नोंद जुळत नाही. बचाव पक्षाला तेवढे पुरते. फुटेज उतरवल्या उतरवल्या, पंचांसमोरच एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, काढायची. चार दिवसांनी ठाण्यात काढलेली हॅश मधल्या चार दिवसांबद्दल काहीच सांगत नाही.

चालू सापडलेला मोबाइल बंद करू नये; पुन्हा सुरू केल्यावर पासकोडशिवाय बराचसा डेटा उघडत नाही. फ्लाइट मोड लावावा, वायफाय आणि ब्लूटूथ बंद झाल्याची खात्री करावी. हॅश काढायची ती उतरवलेल्या प्रतीची. चालू फोनमधला डेटा सतत बदलतो, हे पंचनामा लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलेच नसते!

पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. कायदा करायचाच असेल, तर घड्याळातला फरक, हॅश आणि सील क्रमांक यांचे रकाने असलेला पंचनाम्याचा नमुना त्यात बंधनकारक करा आणि भाग ‘ब’साठी जिल्हावार तज्ज्ञ नेमा. आयटी कायद्याच्या कलम ७८नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. त्यामुळे ६६-डसारखे कलम फिर्यादीतून वगळण्याकडेच ठाण्याचा कल असतो. प्रशिक्षित उपनिरीक्षकांना ही मुभा मिळावी म्हणून आपण केंद्राकडे पाठपुरावा करावा.

आपले,
डिजिटल पुराव्यांचे काम करणारे काही वकील व तंत्रज्ञ